‘ढ’ कोणास म्हणावे?

मराठी वर्णमालेतील बहुतेक अक्षरांची रूपे दोन हजार वर्षांच्या काळात ओळखू येऊ नयेत इतकी पालटली आहेत. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहनांच्या काळचा जो ब्राह्मी लेख आहे, तो चांगल्या शिकलेल्या मराठी माणसासही मुद्दाम अभ्यास केल्यावाचून वाचता येत नाही. परंतु एक अक्षर असे आहे की, ब्राह्मीत ते जसे होते जवळजवळ तसेच आजही आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. कितीही काळ लोटला तरी ज्यात बदल झाला नाही असे हे अक्षर. म्हणून कितीही शिकविले तरी ज्याच्यात फरक पडत नाही अशा मुलास ‘ढ’ म्हणण्याची चाल पडली, असे सांगतात. ही उपपत्ती खरी असो वा नसो, शाळेत हा शब्द ज्याच्या वाट्यास एकदा आला त्याच्या पाठीमागून तो सहसा जात नाही, हे मात्र खरे.

हा विषय आम्ही हाती घेण्यास एक प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगितला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खेडेगावच्या शाळेत आमच्या वर्गात चौथीचा एक मुलगा होता. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी, हावभावासह सांगे. वडिलांबरोबर मंचरच्या बाजारास जाऊन कांद्याच्या पिशव्यांचा हिशेब तो तोंडी करी. परंतु पुस्तक उघडले की त्याचा घसा कोरडा पडे. शुद्धलेखन घातले तर ‘बाजार’ हा शब्द एकाच पानावर तो तीन तऱ्हांनी लिही. आम्ही त्यास आळशी ठरविले. चुकलेला प्रत्येक शब्द दहा दहा वेळा लिहावयास लावला, बाकावर उभे केले, आणि एकदा तर वर्गातील मुलांच्या देखत त्याची वही वाचून दाखविली. मुले हसली, आम्हीही हसलो. आठवीत त्याने शाळा सोडली. पुढे तो मंचरच्या बाजारात आम्हांस भेटला. नमस्कार झाल्यावर त्याने आडत्याकडची पट्टी आमच्या हातात दिली आणि म्हणाला, ‘गुरुजी, आज चष्मा घरी राहिला, एवढी वाचून द्या.’ त्याला चष्मा नव्हता, हे आम्हांस ठाऊक होते. आणि ते आम्हांस ठाऊक आहे, हे त्यासही ठाऊक होते. त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाचे वाचन व चौकशी सुरू केली. तिचे सार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अशा मुलांकडे विचारवंतांचे लक्ष जाऊन आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. १८९६ साली इंग्लंडातील प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टराने तेथील वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नामक चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. हा मुलगा खेळात चपळ, बोलण्यात चतुर आणि गणितात चांगला होता. मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार तो बिनचूक करी. परंतु लहानसा शब्दही त्यास धड वाचता येत नसे, आणि स्वतःचे नाव लिहितानासुद्धा तो अक्षरांची अदलाबदल करून बसे. सर्व शिक्षण तोंडी दिले असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. डॉक्टराने ह्या अवस्थेस जन्मजात शब्दांधत्व असे नाव दिले. पुढे निरनिराळ्या देशांतील पंडितांनी हा शोध चालविला, आणि आता ह्या वर्गातील अडचणींस ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असे एकंदर नाव आहे. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची म्हणजे डिसग्राफिया आणि अंकगणिताची म्हणजे डिसकॅल्क्युलिया. एकाच मुलाच्या ठिकाणी ह्यांपैकी एक असेल, किंवा दोन वा तिन्ही असतील. शाळेत जाणाऱ्या मुलांत शेकडा ५ ते १५ मुलांस अशी काही ना काही अडचण असते, असा तज्ज्ञांचा सामान्य अंदाज आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात निदान दोघे तरी निघावयाचेच.

ही अडचण डोळ्यांत नसते, कानांत नसते आणि बुद्धीतही नसते. बोललेल्या शब्दाचे लहान लहान ध्वनींत पृथक्करण करणे, तो तो ध्वनी त्या त्या अक्षराशी जोडणे, आणि ही जोडणी विचार न करता झटकन व्हावी इतकी पक्की करणे, हे मेंदूचे काम होय. इतर मुलांच्या ठिकाणी ते सहज घडते. ह्या मुलांच्या ठिकाणी ते फार कष्टाने व सावकाश घडते. ही प्रकृती पुष्कळदा घराण्यात चालत येते. सबब मुलगा वाचण्यात मागे आहे अशी तक्रार घेऊन आलेला बाप, ‘मलाही शाळेत असेच होई,’ असे सांगू लागला, तर त्यात नवल मानू नये.

येथे एका गोष्टीची सावधगिरी ठेवणे जरूर आहे. वाचता न येणारे प्रत्येक मूल अध्ययन-अक्षम नसते. साखर कारखान्याच्या हंगामात आईबापांबरोबर ऊसतोडीस आलेले मूल, किंवा मेंढरांमागे सहा महिने रानोमाळ हिंडणारे मूल वाचनात मागे पडले, तर त्यास शाळा मिळाली नाही एवढाच त्याचा अर्थ. भीमाशंकरच्या बाजूस डोंगरात राहणारे महादेव कोळ्याचे अथवा ठाकराचे मूल पुस्तकी भाषेपेक्षा निराळे बोलले, तर ती त्याच्या घरची बोली होय. तिला दोष म्हणणे हाच दोष आहे. तसेच नजर अधू असेल, कमी ऐकू येत असेल, घरी उपासमार असेल, तर प्रथम त्याचा उपाय झाला पाहिजे. हे सर्व तपासून पाहिल्यावर, नियमित शाळेत येणारे, चांगली समज असलेले मूल दोन-तीन वर्षांच्या शिकवणीनंतरही अक्षरांपाशीच अडते असे दिसले, म्हणजे मग ह्या अक्षमतेची शंका घ्यावी. सहा वर्षांचे मूल एखादे अक्षर उलटे काढते, एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

मराठी शिकणाऱ्या मुलाची अडचण इंग्रजी शिकणाऱ्या मुलाहून काहीशी निराळी आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे उच्चार अनेक; तो त्रास मराठीत बहुतांशी नाही. परंतु आमच्या बालबोध लिपीत दुसरे घाट चढावे लागतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ब’ आणि ‘व’ ह्यांच्या रूपांत एखाद्या रेघेचाच फरक. ‘ट’, ‘ठ’ आणि ‘ढ’ ही तर सख्खी भावंडेच. तेव्हा ज्या मुलास आपण ‘ढ’ म्हणतो, त्यास ते अक्षर ओळखण्याचीच पंचाईत! पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या मागून येते, परंतु लिहिताना ती व्यंजनाच्या आधी बसते. ‘मार्ग’ ह्या शब्दात र चा उच्चार ग च्या आधी, पण रफार चढतो ग च्या डोक्यावर. एकटा ‘र’ हा ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’ ह्या चार शब्दांत चार वेष धारण करतो. साध्या मुलास हे सवयीने अंगवळणी पडते. ज्यास ध्वनी व अक्षर ह्यांची सांगडच दुबळी, त्यास प्रत्येक वेष नवा माणूस वाटतो.

मग अशा मुलास शिकवावे कसे? जी रीत फसली तीच अधिक जोराने चालविणे हा उपाय नव्हे. तोच धडा दहा वेळा उतरवून घेतल्याने दहा वेळा चूक उतरते, आणि ती अधिकच पक्की होते. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन ह्या मेंदूच्या वैद्याने व अ‍ॅना गिलिंगहॅम ह्या शिक्षिकेने, तसेच ग्रेस फर्नाल्ड ह्या विदुषीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जी दिशा दाखविली, तीच थोड्याफार फरकाने आज सर्वत्र मान्य आहे. तिची तत्त्वे चार: प्रथम ध्वनी व मग अक्षर, सोप्याकडून कठिणाकडे एकेक पायरी, डोळे, कान, जीभ व हात ह्यांचा एकाच वेळी उपयोग, आणि मागील पायरी पक्की झाल्यावाचून पुढे न जाणे.

ध्वनीचा अभ्यास पाटी-पेन्सिलीवाचून करता येतो. ‘पाटी’ म्हणताना दोन टाळ्या, ‘कागद’ म्हणताना तीन. ‘कमळ’ मधून ‘क’ काढला तर काय राहील? ‘मळ’. ‘वावर’ मधून ‘वा’ काढला तर? ‘वर’. हा खेळ मुले आनंदाने खेळतात, आणि शब्दाचे तुकडे पडतात ही मूळ गोष्ट त्यांच्या ध्यानात भरते. त्यानंतर अक्षर. परातीत बारीक वाळू पसरून, तोंडाने उच्चार करीत, बोटाने ते मोठे गिरवावयाचे. फर्नाल्डबाईंच्या बोटाने गिरविण्याच्या पद्धतीची हकीकत वाचताना आम्हांस आमच्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीची आठवण झाली. आजा-पणजांनी धुळीत बोट फिरवून अक्षरे शिकली, ती रीत अगदीच टाकाऊ नव्हती. टाकाऊ होती ती पंतोजींची छडी.

पुढील पायऱ्यांसाठी आम्ही आमच्याच भागातील गावांची नावे योजून पाहिली. मुलास ती ऐकून ठाऊक असतात, एस.टी.च्या पाटीवर ती रोज दिसतात, आणि आपल्या गावाचे नाव आपण वाचले ह्याचा आनंद काही निराळाच असतो. काना शिकविताना ‘चास’ व ‘पारगाव’. मात्रेसाठी ‘पेठ’. दुसऱ्या वेलांटीसाठी ‘अवसरी’. अनुस्वारासाठी ‘कळंब’ आणि ‘मंचर’. येथे मूल बहुधा ‘मचर’ असे लिहिते, कारण म च्या पाठीमागून येणारा नाकातील सूर त्याच्या कानास निराळा लागत नाही. तेव्हा नाकावर बोट ठेवून ‘मं’ म्हणावयास लावावे, म्हणजे तो कंप बोटास कळतो. मग पहिली वेलांटी व उकार ह्यांसाठी ‘निरगुडसर’, जोडाक्षरासाठी ‘जुन्नर’, आणि सर्वांत शेवटी ‘लेण्याद्री’. ह्या शेवटल्या नावात मात्रा, काना, वेलांटी, जोडाक्षर आणि रकार सर्व एकत्र आले आहेत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढण्यास जसा दम लागतो, तसाच ह्या नावापर्यंत पोहोचण्यासही लागतो. कोणास सहा महिने, कोणास दोन वर्षे.

शिकवणी रोज असावी आणि थोडी असावी. आठवड्यातून एकदा तीन तास बसविण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कितीतरी अधिक फळ देतो. एका शिक्षकापुढे एकच मूल असावे, फार तर दोन-तीन. आणि तीही एकाच पायरीवरची असावीत. पाठाचा आरंभ जे येते त्याने करावा आणि शेवटही जे येते त्यानेच करावा, म्हणजे मूल उठताना हरलेल्या मनाने उठत नाही. वर्गात सर्वांसमोर त्यास अचानक उभे करून वाचावयास लावू नये. इतिहास-भूगोलाचा धडा कोणी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि उत्तर तोंडी घ्यावे. वाचन शिकण्यास दोन वर्षे लागली तरी तोवर त्याचे बाकीचे ज्ञान थांबता कामा नये.

अंकगणिताची गोष्टही अशीच आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच मागून. म्हणून मूल ऐकल्याप्रमाणे ५२ लिहिते आणि शिक्षक रागावतात. जर्मन भाषेतही पाच आधी व वीस मागून असेच म्हणतात, आणि तेथील मुलांचीही हीच तक्रार आहे. त्यातून आमच्याकडे ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणसाठ’! ज्याचे नाव साठावरून, तो अंक पन्नाशीत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’ ह्याबरोबर ‘वीस पाच’ अशी सुटी वाचण्याची रीतही दिली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर ह्यांनी, नव्या रीतीने आकडे मुलांस सोपे जातात, असे त्या वेळी सांगितले होते. भाषेचे वळण राखावे की पालटावे, ह्या वादात आम्ही पडत नाही. परंतु अडलेल्या मुलास शिकविताना प्रथम ‘वीस पाच’, काड्यांच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या, आणि मागाहून ‘पंचवीस’, हा क्रम फार उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

आता शासनाने काय केले आहे ते थोडक्यात सांगतो. अशा विद्यार्थ्यांस शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ साली घेतला, आणि ह्या कामी आपले राज्य देशात पुढे राहिले. जादा वेळ, लेखनिक आणि काही विषयांत सूट किंवा पर्याय, असे त्या सवलतींचे स्वरूप आहे. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था निघाली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी करणारा दवाखानाही चालतो. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ह्या अक्षमतेचे नावही नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारांस मान्यता दिली त्यांत ती आली, आणि अशी मुले लवकर ओळखून त्यांस योग्य रीतीने शिकविणे हे शाळांचे कर्तव्य ठरले. तिसरीपर्यंत अथवा वयाच्या आठव्या वर्षापर्यंत शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी, असे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले होते. त्या चाळणीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची साधने तयार केली आहेत. ती हिंदी, कन्नड व इंग्रजी ह्यांबरोबर मराठीतही आहेत, ही आम्हांस विशेष समाधानाची गोष्ट वाटते. इंग्रजी शब्दांनी मराठी मुलाची परीक्षा घेणे म्हणजे विहिरीत पोहणाऱ्यास समुद्रात सोडून तो बुडतो असे म्हणण्यासारखेच होते.

सवलत म्हणजे लाड, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांस आमचे एवढेच विचारणे आहे की, ज्याची नजर अधू आहे त्यास चष्मा लावू दिला तर तो लाड होतो काय? चष्म्याने उत्तर कळत नाही, फक्त प्रश्न दिसतो. जादा वेळाचेही तसेच आहे. मात्र सवलतीने वाचन येत नाही, हेही तितकेच खरे. कागदावरचा दाखला मिळाला आणि शिकवणी मिळाली नाही, तर मूल दहावीचा उंबरठा ओलांडील, पण आडत्याची पट्टी त्यास वाचता येणार नाही.

मुंबई-पुण्याच्या मुलांहून आमच्या भागातील मुलांची अडचण येथेच अधिक आहे. तपासणीसाठी बालरोगतज्ज्ञ व मानसतज्ज्ञ एकत्र लागतात. ते बहुधा मोठ्या शहरातील रुग्णालयांतच भेटतात. मंचरहून पुणे सुमारे साठ किलोमीटर; डोंगरातल्या वाडीवरून निघणाऱ्यास त्याहून किती तरी दूर. एका फेरीत काम होत नाही, आणि प्रत्येक फेरीस आईची किंवा बापाची एक दिवसाची मजुरी जाते. पाल्यात दोष आहे असा कागद आणण्यासाठी एवढा खर्च कशास, असे त्यांस वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, कागद येईतो शिकवणी थांबवू नये. टाळ्यांचा खेळ, परातीतील वाळू, गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या आणि काड्यांच्या जुड्या ह्यांस कोणाच्या सहीची गरज नाही. ह्या रीतीने शिकविल्यास अक्षमता नसलेल्या, नुसत्या मागे पडलेल्या मुलाचेही काही नुकसान होत नाही. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम चालते. तेथील विशेष शिक्षकांचा सल्ला घ्यावा, आणि पुढे पुण्यास कोठे जावे हे त्यांस विचारावे.

पालकांस आमची विनंती आहे की, मुलाची तुलना त्याच्या भावाशी वा शेजाऱ्याच्या मुलीशी करू नये. रात्री जेवणानंतर पाव घटका त्यास जवळ घेऊन काही वाचून दाखवावे. स्वतःस वाचता येत नसेल तर गोष्ट सांगावी आणि त्याच्याकडून ऐकावी. २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट निघाला आणि ह्या विषयाचे नाव घरोघर पोहोचले, हे चांगले झाले. परंतु चित्रपटातील मुलगा थोड्याच महिन्यांत सुधारतो, आणि शिवाय मोठा चित्रकारही निघतो. आपल्या मुलाचे तसे होईलच असे नाही. ते चित्रकार झाले नाही, कोणतीच विशेष कला त्याच्या अंगी नसली, तरी त्यास वाचावयास शिकविणे हे आपले काम आहेच.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे दोन शब्द तुम्हांस. वर्गात एखादा वाचताना अडखळला की प्रथम हसू येते ते तुमच्या बाकांवरून. तुमच्यापैकी जो आठवी-नववीत आहे व सहज वाचतो, त्याने मधल्या सुटीतील थोडा वेळ अशा एखाद्या लहान मुलाबरोबर चिठ्ठ्यांचा खेळ खेळण्यात घालवावा. तुमचे फारसे काही जाणार नाही. आणि ‘ढ’ हा शब्द तोंडावर आला, तर वर सांगितलेली त्याची गोष्ट आठवा. आमच्या त्या विद्यार्थ्यात बदल झाला नाही, कारण आम्हीच आमची रीत बदलली नाही. त्या दिवशी बाजारात आम्ही त्याची पट्टी वाचून दिली. हमाली, तोलाई, सर्व आकडे सांगितले. आकडे त्याने मनातल्या मनात आमच्याआधी जमवून ठेवले होते, आणि ते बरोबर होते.